काळ्या रिंगा आणि कुंकवाचं बोट

माझ्या सासूबाईंना घरात काळं काही बघवत नसे. चहाचं पातेलं असो, कंदिलाची काच असो, नाहीतर मोरीतला दगड असो, चिंच आणि विटकरीची पूड घेऊन त्या फतकल मारून बसायच्या, आणि त्या वस्तूचं मूळ रूप बाहेर आल्याशिवाय उठायच्या नाहीत. सासरे गेले त्या वर्षी आम्ही त्यांना मालवणकडच्या गावाहून अंधेरीला आणलं होतं. गावात मागे विहीर, पुढे अंगण, चार शेजारणी. इथे वर्कशॉपच्या पाठीला चिकटलेल्या आमच्या दोन खोल्या आणि दिवसभर लोखंड कातायच्या लेथची घरघर. बाईंना करमणार तरी कसं? मग घासणं. मी मेली तोंडाची फटकळ. एकदा म्हटलं, "आई, जरा दमानं, पातेल्याला भोक पडेल." तर मान वर न करता म्हणतात, "पडूंदे. भोक चलात, काळा नको."

हे सगळं आधी सांगितलं पाहिजे, कारण आमच्या वर्कशॉपचा धंदाच काळं करण्याचा होता.

आमचे हे गोदीजवळच्या एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. पक्की नोकरी, राहायला खोली, सगळं ठीक चाललेलं. पण नवे पैसे आले त्या सुमारास परदेशी मालाच्या आयातीवर फार बंधनं आली. बोटींचे सुटे भाग महिनोन्‌महिने येईनात. ह्यांच्या डोक्यात भरलं, की आगबोटीच्या इंजिनाच्या रिंगा आपण इथेच का करू नयेत? झालं. नोकरी सोडली, खोली सोडली, मरोळच्या वाटेवर भातशेताच्या कडेला पत्र्याची शेड घेतली आणि एक जुना अजस्र लेथ आणून बसवला. नातेवाइकांनी बोटं मोडली. मीही मोडली, खोटं कशाला सांगू! पण माझी घरातल्या घरात होती.

या रिंगा म्हणजे काय, ते सांगते. बोटीच्या मोठ्या डिझेल इंजिनाचा पिस्टन पाण्याच्या पिंपाएवढा जाड असतो. तो ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याला लायनर म्हणतात. दोघांमधली फट बंद करायला पिस्टनच्या अंगावर खाचा असतात, आणि त्या खाचांत बिडाच्या कड्या बसवतात. त्या रिंगा. रिंग नीट बसली नाही तर वरचा जाळ खाली उतरतो, तेल जळतं, आणि भर समुद्रात इंजिन आवळून बसतं. मग खाली पाणी, वर आभाळ, आणि बोटीवरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला.

कुर्ल्याच्या ओतशाळेतून बिडाचं जाड नळकांडं यायचं. हे लेथवर त्याच्या चकत्या काढायचे, प्रत्येक चकतीला एका जागी चीर द्यायचे, की झाली रिंग. माझ्याकडे दोन कामं होती. एक म्हणजे रिंग दोरीला टांगून हातोडीनं हलकेच वाजवायची. बाजारात आपण मडकं वाजवून घेतो ना, तसंच. खणखणीत बोलली तर बरी, बद्द बोलली तर आत तडा. दुसरं म्हणजे रिंग एका मापाच्या कड्यात बसवायची, खाली बल्ब लावायचा आणि वरून गोधडी पांघरून आत शिरायचं. रिंग आणि कडं यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की ती रिंग परत लेथवर. उन्हाळ्यात त्या गोधडीत मी उकडून निघायचे आणि जगातल्या झाडून सगळ्या बोटींना शिव्या घालायचे. पण रेघ दिसली आणि मी सोडून दिली असं एकदाही झालं नाही.

तिसरं माणूस म्हणजे आमचे फिटरकाका. मरोळ गावठाणातले ख्रिस्ती, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी बोटींच्या इंजिनखोलीत काढलेली. म्हातारपणी घरी बसवेना, म्हणून आमच्याकडे यायचे. कामाला बसण्याआधी छातीवर क्रूस करायचे आणि मग आमच्या गणपतीच्या तसबिरीलाही मान लववायचे. "दोघांची ओळख असलेली बरी," म्हणायचे. सासूबाईंनी मात्र त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवला होता, कान तुटलेला. मला तो कप दिसला की मस्तकात तिडीक जायची. मी एकदा काकांची माफी मागायला गेले तर हसून म्हणाले, "राहू दे गं बाय. कान नसलेल्या कपात चहा जास्त मावतो."

दसरा तोंडावर आला असताना ह्यांना पहिलं खरं काम मिळालं. एका मालवाहू बोटीचा चीफ इंजिनियर, आम्ही त्याला चीफसाहेब म्हणायचो, स्वतः शेडवर आला. परदेशातून यायच्या रिंगा अडकल्या होत्या आणि बोट फार दिवस बंदरात थांबणार नव्हती. एका पिस्टनच्या रिंगा तुम्ही करून द्या, म्हणाला. बोट परत येईल तेव्हा पिस्टन उघडून बघू. रिंगा टिकल्या असतील तर पुढचं काम तुमचं, आणि मी चार ठिकाणी सांगेन. नसतील टिकल्या तर सांगणं माझ्याकडून होईलच. हसत म्हणाला, पण ह्यांनी रात्रभर कूस बदलली. ज्यांच्या भरवशावर नोकरी सोडली होती त्या बोटवाल्यांपैकी दारात आलेला हा पहिला माणूस होता. इथे नाव गेलं असतं तर गोदीतल्या कुठल्याच बोटीनं आमच्याकडे ढुंकून बघितलं नसतं. लेथ विकून पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली, एवढंच मग उरलं असतं.

रिंग कुठली द्यायची यावरही बरंच बोलणं झालं. त्या दिवसांत रिंगांवर क्रोमचा मुलामा चढवायची नवी टूम निघाली होती. चांदीसारख्या लखलखणाऱ्या रिंगा! बाहेरून मुलामा करून आणता आला असता, आणि ह्यांनाही मोह झाला, पहिलंच काम, जरा उठून दिसेल. पण या बोटीच्या लायनरलाच आतून क्रोम होतं. काकांनी साफ नाही म्हटलं. "क्रोमवर क्रोम घासलं की दोघं एकमेकांना ओरबाडतात. एक अंग कडक असेल तर दुसऱ्यानं थोडं सोसायला हवं. दोन्ही कडक कसं चालेल?" आणि मग आतल्या खोलीकडे, जिथे सासूबाईंचं नि माझं काहीतरी वाजत होतं, तिकडे बघून ह्यांना मिश्कीलपणे म्हणाले, "तुला तर घरीच दिसतंय."

तेव्हा साध्या बिडाच्या रिंगा ठरल्या, आणि त्यांच्यावर काळा थर. तो असा. एका पसरट टाकीत फॉस्फेटचं आंबट पाणी उकळायचं आणि त्यात रिंगा तारेनं टांगून ठेवायच्या. त्या बाहेर येतात त्या तव्यासारख्या काळ्या, हाताला किंचित खरखरीत. हा थर तेल पिऊन धरून ठेवतो. नवी रिंग आणि लायनर सुरुवातीचे दिवस एकमेकांवर घासत असतात तेव्हा आधी हा थर झिजतो, आणि तोवर दोघांची अंगं जुळून येतात. तो नसेल तर त्या पहिल्या दिवसांतच ओरखडे पडायचं भय.

सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघायच्या. लेथवरून निघालेली लखलखीत रिंग काळी करून ठेवतात, हे त्यांच्या बुद्धीला पटेचना. "इतकी बरी वस्तू, आणि तोंडाक काळा फासतत," असं पुटपुटत आत जायच्या.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही हत्यारांची पूजा केली. लेथ धुतला, हातोड्या, पाने, चिमटे, कप्पी, साखळी, स्टोव्ह, सगळं पुसून पाटावर मांडलं. ह्यांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आता दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. हत्यारं निजली, असं म्हणतात. काळजी काही नव्हती, कारण काम आदल्या दिवशीच पुरं झालं होतं. रिंगा तेलकट कागदात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, लॉरी येऊन गोदीत घेऊन जाणार होती. हे बोटीवर पिस्टनच्या खाचा शेवटच्या बघायला गेले, काका घरी गेले, आणि मी आपट्याची पानं नि झेंडू आणायला अंधेरीच्या बाजारात.

परत आले तर शेडच्या दारात सासूबाई उभ्या. चेहरा असा फुललेला, की त्या मुंबईत आल्यापासून मी तसा बघितला नव्हता.

"बघ गो," म्हणाल्या, "ह्यांका कोणी पूजूक नव्हती. बिचारी खोक्यात पडान होती."

भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेल्या आमच्या रिंगा. चिंच, राख, विटकरी, काही काही सोडलं नव्हतं. देवाच्या समईसारख्या लखलखत होत्या. रिंगेला कपाळ कुठलं ते कळेना म्हणून बाईंनी प्रत्येकीला आतल्या अंगानं, तेलात कालवलेल्या कुंकवाचं एकेक बोट लावलं होतं. आणि पलीकडे टाकी, तीही रिकामी, घासूनपुसून उपडी घातलेली.

करायला गेल्या काय आणि झालं काय! माझ्या हातातली पिशवी तिथेच सुटली, झेंडू शेडभर घरंगळले. माझा चेहरा बघून बाईंचा पडला. "काय झाला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जमेल तसं. की तो काळा रंग घाण नव्हती, तेच काम होतं. की उद्या सकाळी लॉरी यायची आहे. त्या तशाच आत गेल्या. मी मरोळकडे काकांना बोलवायला धावले.

काकांबरोबर परत आले तर बाईंची दोन लुगडी आणि सासऱ्यांची तसबीर एका पंच्यात बांधून झालेली. "माका गावाक धाड," एवढंच म्हणाल्या. "झीलाचा वाटोळा करूक मी हय इलय काय?" लेकाचं वाटोळं करायला मी इथे आले का, असं ती माउली स्वतःलाच विचारत होती.

काकांनी ते गाठोडं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. एकेक रिंग उचलून उन्हात धरली, कडेवरून नख फिरवलं, आणि बाईंच्या समोर उकिडवे बसले. मला वाटलं, आता समजूत घालायला काहीतरी गोड खोटं बोलणार. ते नाही बोलले. "वहिनी," म्हणाले, "अंगावरचं पांघरूण गेलंय, ते खरं. पण रिंग जागच्या जागी आहे. विटकरीचा एक कण जरी राहिला तरी लायनर खरवडेल, म्हणून आता सोड्यात उकळून पुन्हा धुवायला लागणार. माझ्या बोटांत संधिवात आहे आणि ही पोर धसमुसळी. घासायला हात कुणाचा आणू? तुम्ही गावाला मग जा."

त्या माणसाचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत त्यांत हा मी सगळ्यांत वर ठेवते. चूक झाकली नाही, आणि चुकलेल्या माणसाला कामावरून काढलंही नाही. आजवर मी पुष्कळ मोठमोठी माणसं बघितली, हे दोन्ही एका दमात जमलेलं क्वचितच दिसलं.

पण मग खरी अडचण आली. रिंगा उकळायच्या तर स्टोव्ह हवा, टाकीत वरखाली करायला कप्पी हवी, साखळी, चिमटे, तारा सगळं हवं. आणि सगळं पाटावर, कुंकू लावून, निजलेलं. काका पाटाजवळ जाऊन थांबले. म्हणाले, "मला तुमचा नियम लागू नाही, मी उचललं तर तुमच्याकडे पाप मोजणार नाहीत. पण या कुंकवाला मी आपण होऊन हात लावणार नाही. घरातल्या मोठ्या माणसानं सांगायला हवं." आणि सासूबाईंकडे बघत उभे राहिले.

बाईंचा देवधर्म किती कडक, ते मला माहीत. सोमवारी पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. मी मनात म्हटलं, संपलं. त्या पाटाजवळ आल्या. मग म्हणाल्या, "निजल्या पोराक उठवू नये म्हणतत. पण घराक आग लागली, तर उठवतत ना?"

आणि त्यांनी काय करावं? पाटासमोर बसल्या आणि एकेका हत्याराला हात जोडून उठवायला लागल्या. "ऊठ रे बाबा," चिमट्याला म्हणाल्या, "रागाव नको." साखळीला म्हणाल्या, "बाये, तुजी झोप मोडतंय, उद्या परत नीज." स्टोव्हला तर चक्क गोंजारलं. उठवलेली वस्तू त्या स्वतःच्या हातानं काकांच्या हातात देत होत्या, आणि काका ती दोन्ही हातांनी घेत होते. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. काय ते ध्यान दिसत असेल आमचं!

रिंगा सोड्यात उकळल्या, बाईंनी काथ्यानं रगडरगडून धुतल्या. मी गोधडीत शिरून पुन्हा एकेकीचा उजेड बघितला. एकही रेघ नाही. तेवढ्यात नवं संकट. टाकीतलं जुनं पाणी बाईंनी ओतून दिलं होतं. फॉस्फेटचं मीठ होतं आमच्याकडे, पण नव्या कोऱ्या पाण्यात थर नीट धरत नाही. त्यात लोखंडाचा कीस घालून दोनतीन दिवस उकळत मुरवावं लागतं. जुनं थोडं असतं तर लगेच जमलं असतं. काका डोक्याला हात लावून बसले.

"म्हणजे विरजण व्हया?" सासूबाईंनी विचारलं.

काका म्हणाले, "तसंच म्हणा."

बाई उठून आत गेल्या आणि लोणच्याची मोठी बरणी दोन्ही हातांनी कवटाळून घेऊन आल्या. आत काळपट, गढूळ, आमचं तेच पाणी! टाकी ओतून देताना आंबूस वास आला, तळाला साका दिसला, तेव्हा आंबवणाचा काहीतरी प्रकार असेल म्हणून बरणीभर मागे ठेवलं होतं. "मुरलेला आंबट कोण सगळा ओतून टाकता?" आम्हालाच वेड्यात काढत म्हणाल्या. काका बरणीकडे बघून असे खदखदून हसले, की ठसका लागला. त्यांच्या आईची ताडीच्या सिरक्याची बरणी होती म्हणे, तिचा तळ पिढ्यान्‌पिढ्या कुणी रिकामा केला नव्हता. "वहिनी, तुमची नि माझ्या आईची गाठ घालून द्यायला हवी होती," म्हणाले.

बरणी टाकीत ओतली, मीठ घातलं, कीस घातला, पाणी उकळायला लागलं. पहिल्या रिंगा आत सोडल्या आणि आम्ही तिघं टाकीभोवती उभे. हे परतले ते नेमके तेव्हाच. खंडेनवमीला स्टोव्ह पेटलेला, पूजलेली हत्यारं हातात. दारातूनच कडाडले, "आज हत्यारं कुणी उचलली?"

"मी उठवलंय," सासूबाई म्हणाल्या. "झीला, मी तुजी वाट लावलंय."

मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, कारण ह्यांचा राग मला ठाऊक होता. कमी यायचा, पण आला की वस्तू फुटायच्या. ह्यांनी एकदा टाकीकडे बघितलं, एकदा आईच्या हातांकडे. सोड्यानं तिची बोटं सोलवटून लाल झाली होती. शर्टाच्या बाह्या वर केल्या, तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आई, चिमटा दे." बस्स, एवढंच. त्या क्षणी मला माझा नवरा जितका आवडला तितका लग्नातही आवडला नव्हता, हे मी त्यांना पुढे अनेक वर्षं सांगितलं नाही. उगाच शेफारले असते.

दिवेलागणीला सगळ्या रिंगा बाहेर आल्या. काळ्या, मंद, एकसारख्या. मी प्रत्येकीवर तेलाचा थेंब टाकून बघत होते. थेंब पसरून आत मुरला की थर चांगला. एका रिंगेला मात्र आतल्या अंगानं बोटाच्या पेराएवढा गोल ठिपका राहिला होता, उघडा, पांढुरका. कुंकवातलं तेल तिथे राहून गेलं होतं, थरानं ती जागा धरलीच नाही. सासूबाईंनी तो बघितला आणि पुन्हा अवसान गेलं त्यांचं. काका म्हणाले, "ही आतली बाजू. लायनरला लागते ती बाहेरची. पिस्टनच्या सगळ्यांत खालच्या खाचेत जाईल ही, तिथे जाळ कमी. राहू दे कुंकू." ह्यांनी कागदात गुंडाळताना त्या रिंगेवर खडूनं 'खालची' असं लिहिलं.

चहा झाला. सासूबाईंनी काकांना घरातला कप दिला, फुलांचा. तुटक्या कानाचा कप मी दुसऱ्या दिवशी शोधला तर सापडला नाही.

दसऱ्याच्या सकाळी लॉरी आली आणि रिंगा गेल्या. काही दिवसांनी बोटही गेली. मग वाट बघणं. त्या काळात बोटीवर काय चाललंय ते कळायला काही मार्ग नव्हता. दिवाळी झाली, संक्रांत झाली. सासूबाई रोज दिवा लावताना गणपतीच्या तसबिरीला काहीतरी सांगायच्या. मी एकदा कान देऊन ऐकलं, तर त्या इंजिनाबद्दलच बोलत होत्या. गावाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, पण गाठोडंही सोडलं नव्हतं. ट्रंकेच्या मागे तसंच होतं. मी दर वेळी केर काढताना ते बघायचे आणि मला धडकी भरायची. रिंगा वाईट निघाल्या, तर या बाई एक शब्द न बोलता ते गाठोडं उचलणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मला त्या जायला नको होत्या. केव्हापासून नको होत्या, ते सांगता येणार नाही.

होळीच्या सुमारास एका दुपारी शेडसमोर टॅक्सी थांबली. चीफसाहेब उतरला, हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. लेथ बंद झाला. त्यानं गोणपाट उलगडलं आणि रिंग लेथच्या बैठकीवर ठेवली.

बाहेरची बाजू सगळीकडून सारखी उजळली होती, आरशासारखी. एक ओरखडा नाही. पिस्टन उघडला तेव्हा सगळ्या रिंगा अशाच निघाल्या, म्हणाला. एक नमुना दाखवायला आणलाय. आता बाकीच्या पिस्टनच्या घ्यायला आलोय. ह्यांनी रिंगेच्या कडेवरून बोट फिरवलं. काकांनी छातीवर क्रूस केला आणि लगेच तसबिरीकडे वळले. सासूबाई दारात होत्या. त्या लखलखीत कडेकडे बघत म्हणाल्या, "मगे! शेवटाक घासूनच घेतल्यान ना तिणा?" आणि आम्ही सगळे असे हसलो, की चीफसाहेबाला काही कळेना.

मग त्यानं रिंग उलटी केली. आतलं अंग अजून काळं होतं, आणि त्या काळ्यावर तो गोल ठिपका. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. "तुमच्या कारखान्याचा शिक्का?"

कुणी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे आल्या. उजव्या हाताचं बोट त्या ठिपक्यावर ठेवलं. अगदी बरोब्बर बसलं. तसंच ठेवून त्या रडल्या, पाच महिन्यांचं सगळं एकदम. ह्यांनी चीफसाहेबाला सांगितलं, "हो साहेब, शिक्काच आहे आमचा." ती रिंग त्यानं परत नेली नाही. त्याच संध्याकाळी ट्रंकेच्या मागचं गाठोडं सुटलं, लुगडी दांडीवर गेली, सासऱ्यांची तसबीर भिंतीवर.

पुढे एका शेडच्या दोन शेड झाल्या. काका गेले, मग सासूबाई, मग हेही. लेथ गेला, भातशेतं गेली, आता तिथे काय आहे ते मला ओळखताही येत नाही. रिंग मात्र माझ्याकडे आहे. दर खंडेनवमीला मी ती पाटावर ठेवते. सून घासून देते म्हणाली होती एकदा, तर मी अशी ओरडले, की बिचारी दचकली. मग तिला जवळ बसवून हे सगळं सांगितलं.

कुंकू मीच लावते, आतल्या अंगानं, त्याच ठिपक्यावर. माझं बोट सासूबाईंच्या बोटापेक्षा जाड आहे, ते त्या ठिपक्यात मावत नाही. कुंकू जरासं बाहेर काळ्यावर येतं. मी ते पुसत नाही.